आभाराचा ठराव

ऑर्विल लुंडबीचा जीव घ्यावा असे मला कधी वाटले नाही. आयुष्यभर मी रोमच्या सम्राटांचा इतिहास शिकवला; जीव घेतल्याने माणसाचे पुतळे उभे राहतात आणि खरे नुकसान काहीच होत नाही, हे मला पुरेसे ठाऊक होते. म्हणून मी त्याचे आभार मानायचे ठरवले. चारचौघांत, ठराव मांडून, रीतसर अनुमोदन घेऊन, आणि त्या आभारांखालून त्याला पुन्हा उठता येणार नाही इतके मनापासून.

ऑर्विल आमच्या वीज सहकारी संस्थेचा अध्यक्ष होता. पश्चिम मिनेसोटातल्या या सपाट मुलखात शहरातल्या कंपन्या तारा आणायला तयार नव्हत्या, तेव्हा आमच्या आजोबांनी आपापसात भांडवल गोळा करून खांब पुरले. एका सभासदाला एक मत, मग तो अफाट शेतीचा धनी असो की माझ्यासारखी एका मीटरची मालकीण. कागदावर संस्था आम्हा सर्वांची. व्यवहारात ती तीन दशके ऑर्विलची होती, आणि या काळात त्याने संस्थेचा एक खिळाही घरी नेला नाही, हे मी आधीच नोंदवून ठेवते. चोराला पकडता येते. ऑर्विल प्रामाणिक होता, गोड होता, आणि दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसून किंचित बेसूर गात असे.

त्याची श्रद्धा दोन ठिकाणी होती: परमेश्वरावर आणि कोळशावर. शेजारच्या राज्यात जमिनीवरून खरवडून काढलेला तपकिरी कोळसा जळतो आणि त्याची वीज लांबलचक तारांवरून आमच्या गोठ्यांत येते. आमच्या डोक्यावरून मात्र बाराही महिने वारा वाहतो, इतका की इथली झाडे एकाच दिशेला वाकून वाढतात. पूर्वेच्या टेकाडावर पवनचक्क्यांची रांग आहे, ती कुठल्याशा दूरच्या कंपनीची. तिची वीज आमच्या शेतांवरून, आम्हाला न शिवता, महानगरात जाते. "वारा म्हणजे पाहुणा," ऑर्विल सांगायचा, "कोळसा म्हणजे घरचा माणूस." घरचा हा माणूस काय करतो ते तळ्याकाठच्या पाटीवर लिहिले आहे: पाण्यात पारा आहे, गरोदर बायकांनी आणि मुलांनी इथले मासे बेताने खावेत. हिवाळ्यात ऑर्विल त्या पाटीपासून हाकेच्या अंतरावर, बर्फाला भोक पाडून, गळ टाकून बसायचा. बर्फ आता उशिरा धरतो आणि लवकर सुटतो, हे त्यालाही दिसत होते. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे तो आपली खुर्ची काठाच्या थोडी जवळ आणायचा.

हालवर माझा धाकटा भाऊ. त्याच्या गाई होत्या. दूध थंड ठेवण्याच्या टाकीला वीज फार लागते म्हणून त्याने गोठ्याच्या दक्षिणेकडच्या छपरावर सौर पॅनेल बसवली. उन्हाळ्यात उरलेली वीज तारेत परत जाई आणि मीटर उलटे फिरे. घरी आलेल्या माणसाला तो मुद्दाम मीटरपाशी नेऊन उभा करी. हालवरने आयुष्यात दुसऱ्या कशाची बढाई मारल्याचे मला आठवत नाही.

मग संचालक मंडळाने नियम केला: जो सभासद स्वतः वीज तयार करतो त्याच्यावर दरमहा जादा आकार. नियम सर्वांना सारखा होता, फक्त लागू एकट्या हालवरला होता. तळ्यावरच्या बायबल शिबिराच्या छपरावरही पॅनेल होती, पण ते धर्मकार्य म्हणून वगळण्यात आले. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ऑर्विलने व्यासपीठावरून या विषयाची गंमत केली.

"आपला हालवर आता सूर्याचं दूध काढतो म्हणे," तो म्हणाला. "फक्त धरायचं कुठे, ते अजून सापडलेलं नाही त्याला."

सगळी सभा हसली. हालवरही हसला, मांडीवरचे ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून हसला, असे लॅव्होन सांगते. लॅव्होन म्हणजे त्याची बायको. पुढच्या वर्षी ऑर्विलने तीच गंमत पुन्हा केली, कारण पहिल्या वर्षी ती चालली होती. त्यानंतर धान्याच्या कोठारावर, दुकानात, चर्चच्या तळघरात कॉफी घेताना लोक हालवरला विचारू लागले, काय, आज सूर्यानं किती दूध दिलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. मनात वाईट असलेली माणसे मला परवडतात.

हालवरने पॅनेल उतरवली, घोंगड्यांत गुंडाळली आणि माळ्यावर पेंढ्यात ठेवली. नंतर गाई विकल्या. पुढच्या वसंतात एका सकाळी तो रिकाम्या दूधघरात खाली बसला तो उठला नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांशी माझा वाद नाही. शवपेटी उचलणाऱ्यांत पुढच्या उजव्या कडीला ऑर्विलचा हात होता, आणि नंतर तळघरातल्या जेवणात, हॅमच्या सँडविचचा घास गिळून, त्याने माझ्या खांद्यावर तोच हात ठेवला.

"कुणालाच काही करता आलं नसतं, थोरा."

मी त्याचे आभार मानले. तो सराव होता असे आता म्हणता येईल.

त्याच सुमारास मी निवृत्त होऊन पूर्वेकडून परत आले आणि आईवडिलांच्या घरात राहू लागले. मीटर माझ्या नावावर झाले, म्हणजे मी सभासद झाले. सभासद झाल्यावर कळले की काळ थोडा आहे. कोळशाच्या विजेचा करार, म्हणजे सगळी वीज तिकडूनच घेण्याची हमी, संपत आला होता आणि उन्हाळ्यात मंडळ तो पुढच्या पिढीभरासाठी वाढवणार होते. एकदा सही झाली की आमच्या काउंटीत कुणी छपरावर काय बसवावे, कुणाच्या वाऱ्याचे काय करावे, हे आज पाळण्यात असलेली पोरे म्हातारी होईपर्यंत ठरून जाणार होते. मंडळात चार जण सहीला उतावीळ होते. चार जण विरोधात होते, पण विरोध बोलून दाखवणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. मधल्या खुर्चीत ऑर्विल. त्याच्या विभागातून तो दर तीन वर्षांनी बिनविरोध निवडून येई आणि मंडळ त्यालाच पुन्हा अध्यक्ष करी. यंदा ते तिसरे वर्ष होते.

त्याच्याविरुद्ध उभे राहणे हा मार्ग नव्हता. आमच्याकडे शेजाऱ्याविरुद्ध कुणी उभे राहत नाही. राहिलेच तर त्याला मते पडत नाहीत आणि पुढे त्याच्या बायकोच्या केकला कुणी हात लावत नाही. खुर्ची आधी रिकामी व्हायला हवी होती आणि ती ऑर्विलनेच रिकामी करायला हवी होती. सुदैवाने तो ती दर तीन वर्षांनी करतच असे.

इथे कुणाकडे गेले आणि कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचे, नको, आत्ताच घेतली. दुसऱ्यांदा म्हणायचे, उगीच कशाला त्रास. तिसऱ्यांदा म्हणायचे, बरं, अर्धाच कप. मग यजमानीण काठोकाठ भरते. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट, आणि पाहुण्याचे पहिले नको खरे धरणारा रानटी, किंवा शिकागोचा. ऑर्विलची निवडणूकही अशीच होई. नाव वाचले की तो उभा राहून म्हणे, आता नव्या माणसाला संधी द्या. डेल फ्लाटेन तिसऱ्या रांगेतून उठून म्हणे, चल रे, ऑर्विल. ऑर्विल म्हणे, नाही, खरंच. डेल म्हणे, आमच्यासाठी. मग ऑर्विल सुस्कारा सोडून भार स्वीकारी आणि टाळ्या पडत. रोमच्या सम्राटांनीही राजमुकुट असाच परत परत नाकारला होता. फरक एवढाच की सिनेटला कधी कुणी हॅम वाढले नव्हते.

सम्राटाचा पहिला नकार कुणी खरा धरला तर काय होईल, हा प्रश्न इतिहासात राहून गेला आहे. मी तो विचारायचे ठरवले. अडचण एकच होती: रिकाम्या खुर्चीसाठी मला ऑर्विलच्याच विभागातले, याच चालीरीतींतले असे माणूस हवे होते की जे पहिल्याच विचारण्याला हो म्हणेल.

लॅव्होनच्या स्वयंपाकघरात आम्ही तालीम सुरू केली.

"लॅव्होन, तू संचालक व्हायला तयार आहेस?"

"अगं, मी कुठली. माझ्याहून बरे लोक आहेत."

"पुन्हा."

"पुन्हा काय? सांगितलं ना आत्ता."

"फक्त 'हो' म्हणायचं."

"नुसतं हो?" लॅव्होनने ओले हात टॉवेलला पुसले. "लोक म्हणतील, टपूनच बसली होती बया."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय, प्रोफेसरबाई. तू पूर्वेला राहून निर्लज्ज होऊन आलीस. मला इथे दर बुधवारी चर्चमध्ये भांडी घासायची असतात त्याच बायकांबरोबर."

"लॅव्होन, तू संचालक व्हायला तयार आहेस?"

"तसं कुणी दुसरं नसेलच तर..." तिने माझा चेहरा पाहिला. "हे पण नाही चालत?"

"नाही."

"मला ऑर्विलची खुर्ची नकोय गं. मला माझी पॅनेल परत छपरावर हवीत. बाकी कोण कुठे बसतंय, बसेना का."

"तो पॅनेलांवरच खुर्ची टाकून बसलाय."

तिने टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाली, "आणि तुला काय हवंय?"

"मला तो उठलेला बघायचाय."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे चांगलं नाही, थोरा," ती म्हणाली, आणि माझा कप न विचारता भरला.

महिनाभरात एकदाही तिला नीट हो म्हणता आले नाही. तिने मान हलवून पाहिली, डोळे मिटून पाहिले, एकदा तर नॉर्वेजियनमध्ये प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तोंडातून नकार आधी निसटे आणि ती स्वतःवरच चिडे. सभेच्या सकाळी गाडीत बसताना तिने मला सांगितले की तिला रात्रभर झोप नाही आणि तिथे तिची वाचा बसली तर मी तिला माफ करावे. मी म्हणाले, करणार नाही.

सभा हायस्कूलच्या जिममध्ये. बास्केटबॉलची जाळी वर ओढून घेतलेली, खाली घडीच्या खुर्च्या. दारात प्रत्येक सभासदाला एक प्लॅस्टिकची बादली आणि तीत विजेची बचत करणारा एक दिवा मिळतो; बचतीवर संस्थेची तेवढीच श्रद्धा. आधी जेवण, मग निवडणूक, शेवटी बक्षिसांची सोडत: यंदा पहिले बक्षीस मोठा फ्रीझर. हा क्रम ऑर्विलने लावला होता, कारण पोट भरलेला आणि फ्रीझरची आशा असलेला सभासद मधल्या वेळात प्रश्न विचारत नाही. मी मधल्या वाटेतल्या मायक्रोफोनला लागून असलेली खुर्ची धरली होती. लॅव्होन माझ्या शेजारी, बादली मांडीवर घेऊन, एखाद्या बुडत्या जहाजावर असल्यासारखी.

निवडणूक चालवायला संस्थेचे वकील मिस्टर राश उभे राहिले. ते शहरातून येतात, नियमाप्रमाणे चालतात आणि कॉफी पहिल्या विचारण्यालाच घेतात. त्यांनी ऑर्विलच्या विभागाचे नाव वाचले, नामनिर्देशन समितीने सुचवलेले एकमेव नाव वाचले आणि विचारले, "मिस्टर लुंडबी, आपली संमती आहे?"

ऑर्विल उभा राहिला. त्याने जाकीट खाली ओढले.

"मंडळी, तुम्ही मला फार वर्षं सोसलंत," तो म्हणाला. "खरं सांगतो, आता मी थकलो. नातवंडं आहेत, तळं आहे. आता कुणी नव्या दमाच्या माणसाने हे बघावं असं मला मनापासून वाटतं."

डेल फ्लाटेनची वेळ झाली. पण डेलच्या मांडीवर ताट होते, ताटात रूबार्ब घातलेली गोड पेस्ट्री होती, एका हातात कॉफी. आणि आमच्याकडे मांडीवरचे ताट खाली ठेवल्याशिवाय माणूस उभा राहत नाही. तो ते ठेवायला जागा शोधत होता तोवर मी मायक्रोफोनपाशी होते.

"मिस्टर राश," मी म्हणाले, "मिस्टर लुंडबींचे शब्द ऐकून आपल्या सर्वांचं मन भरून आलं असणार. तीन दशकं या माणसाने आपल्या घरातला दिवा लावला. त्यांनी आपल्याकडे कधी काही मागितलं नाही. आज पहिल्यांदा मागतायत: विश्रांती. ती त्यांना नाकारण्याइतके आपण कृतघ्न आहोत का? मी ठराव मांडते की ही सभा मिस्टर लुंडबींची इच्छा जड अंतःकरणाने मान्य करते आणि त्यांच्या सेवेबद्दल त्यांचे आभार मानते. आणि मी विनंती करते की सर्वांनी उभं राहून हे आभार मानावेत."

मग मागून चर्चची ऑर्गनवादक बर्निस हिचा कापरा आवाज आला, "माझं अनुमोदन." बर्निसला यातले काही ठाऊक नव्हते. ती खरोखर रडत होती. मी आयुष्यात इतके निर्मळ अनुमोदन ऐकलेले नाही.

लोक उभे राहिले. शेजाऱ्याचे आभार मानले जात असताना खाली बसून राहील असा माणूस या काउंटीत अजून जन्मलेला नाही. सगळे जिम उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या, आणि ऑर्विल त्या टाळ्यांच्या मधोमध ओठांवर हसू घेऊन दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभा. त्याने डेलकडे पाहिले. डेलने ताट अखेर खुर्चीवर ठेवले होते आणि तोही, मान हलवत, टाळ्या वाजवत होता. ऑर्विलचे हसू तसेच राहिले, पण त्याच्या आतून काहीतरी निघून गेले. मी त्या क्षणाकडे नीट पाहिले. घाई केली नाही.

"ठराव संमत," मिस्टर राश म्हणाले. "मिस्टर लुंडबींनी असंमती दिल्याची नोंद घेतो. सभेतून आणखी नावं?"

"लॅव्होन नेस्टवेट," मी म्हणाले.

हे नाव घेताच सभेत कुजबुज झाली, ती वाईट नव्हती. विधवेचे नाव होते. मिस्टर राश यांनी चष्म्यावरून पाहिले.

"मिसेस नेस्टवेट, आपली संमती आहे?"

लॅव्होन उठली. बादली तिच्या हातातच होती. तिने तोंड उघडले आणि मला, शेजारी असल्यामुळे, ते ऐकू आले: "अहो, मी कुठली..." तेवढेच, आणि तेही श्वासाहून मोठे नाही. मायक्रोफोनने ते पकडले नाही, पण पुढचे वाक्य पकडले असते. मी तिच्याकडे पाहिले नाही. तिला माफ करणार नाही असे मी सांगितले होते आणि ते खरे होते.

अशा वेळी ऑर्विलने गप्प बसायला हवे होते. पण माणूस सज्जन होता; अडचणीत सापडलेल्या बाईची सुटका केल्याशिवाय त्याला राहवले नाही, आणि त्या सुटकेतून आपलीही झाली तर हरकत नव्हती.

"राहू द्या की तिला," तो मोठ्याने, प्रेमळपणे म्हणाला. "लॅव्होनला घरी काय कमी काम आहे. तिला कशाला या भानगडीत ओढता."

लॅव्होनने बादली खुर्चीवर ठेवली.

"घरी काम नाहीये, ऑर्विल," ती म्हणाली. "गाई विकल्या ना आम्ही." मग मिस्टर राशकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "हो. मी तयार आहे."

दुसरे नाव आले नाही. विधवेविरुद्ध उभा राहणार कोण? मिस्टर राश यांनी तिला बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर केले आणि डेल फ्लाटेनने, सवयीने, टाळ्या सुरू केल्या.

सभा संपेपर्यंत मात्र अध्यक्ष ऑर्विलच होता आणि सोडत काढणे हे अध्यक्षाचे काम. त्याने ते नीट केले. पिशवीत हात घातला, चिठ्ठ्या काढल्या, नंबर वाचले, चादरीचा संच, हातोडी-पान्यांची पेटी, शेवटी फ्रीझर. फ्रीझर बर्निसला लागला. ती पुन्हा रडली. ऑर्विलने तिचे अभिनंदन केले. त्याचा आवाज एकदाही चुकला नाही, हे मी मान्य करते. चर्चमध्ये तो याहून वाईट गातो.

वाहनतळावर वारा इतका होता की गाडीचे दार दोन्ही हातांनी धरावे लागत होते. तो माझ्याकडे चालत आला.

"थोरा."

"ऑर्विल."

"तुला माहीत होतं, मी तसं दर वेळी म्हणतो."

"तू सगळ्या गावासमोर म्हणालास, मी थकलोय, मनापासून वाटतं. मी विश्वास ठेवला. ठेवायला नको होता?"

त्याने टोपी डोक्यावर दाबून धरली. "हालवरने असं कधीच केलं नसतं."

"नसतंच केलं. म्हणून तो चर्चमागच्या दफनभूमीत आहे आणि तू आजपर्यंत खुर्चीवर होतास."

"मी त्याची शवपेटी उचलली होती."

"हो. मी बघत होते. नीट धरली होतीस."

"ती सूर्याची गोष्ट," तो म्हणाला, "नुसती गंमत होती गं ती."

"चांगली होती," मी म्हणाले. "आजचीही चांगली झाली. सगळे उभे राहिले."

त्याचे डोळे पाणावले होते, वाऱ्यानेही पाणावतात. मी गाडीत बसले.

लॅव्होन शेजारी बसली होती, बादली पुन्हा मांडीवर. काळ्या, भिजलेल्या शेतांवर जुन्या बर्फाचे मळकट तुकडे होते. टेकाडावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा तिने विचारले, "हे तू हालवरसाठी केलंस की स्वतःसाठी?"

"स्वतःसाठी."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता तुझे आभार मानावे लागतील."

करार जूनमध्ये मंडळापुढे आला. सभासदांसाठी मागे ठेवलेल्या खुर्च्यांत मी होते आणि दोन खुर्च्या सोडून ऑर्विल होता, कारण घरी बसून त्याला करमेना. व्यवस्थापकाने तक्ते दाखवले. मग त्याने नेहमीचा प्रश्न टाकला: जानेवारीत कडाका पडला, वारा पडला, सूर्य चार वाजताच मावळला, तर त्या रात्री काय करायचं?

"त्या रात्रीपुरती वीज विकत घ्यायची," लॅव्होन म्हणाली. "आम्ही गाई पाळत होतो. वर्षातून एकदा वळू लागतो म्हणून कुणी त्याला स्वयंपाकघरात बांधत नाही."

कुणीतरी हसले. मग सगळेच हसले, सहीला उतावीळ असलेल्या चौघांतले दोघेही. मी ऑर्विलकडे पाहिले. सभेला हसवणे ही तीन दशके त्याची जागा होती. तो हसला नाही, आपल्या टोपीच्या आतल्या शिवणीकडे पाहत राहिला. विरोध करायला लाजणाऱ्या चौघांनी, लॅव्होनने हात वर केला आहे असे पाहून, एकेक करून हात वर केले, जणू दुसऱ्या कुणाला वाढायला सांगत आहेत. करार पडला. त्याच बैठकीत जादा आकाराचा नियमही गेला, आणि टेकाडाच्या अलीकडे संस्थेच्या स्वतःच्या पवनचक्क्यांसाठी जागा पाहायची असे ठरले. ऑगस्टमध्ये लॅव्होनची पॅनेल छपरावर चढली. ती पाहायला अर्धी काउंटी आली आणि प्रत्येकाने सांगितले की हालवरचे डोके पहिल्यापासून काळाच्या पुढे होते. मी प्रत्येकाचे तोंड लक्षात ठेवले.

आमच्या पाद्रीबाईंनी मला हल्लीच विचारले की आता मन शांत झाले का. त्या तरुण आहेत आणि त्यांना माझी काळजी वाटते.

"नाही," मी म्हणाले. "भूक लागलीय."

उतावीळ चौघांपैकी तिघांची मुदत येत्या वसंतात संपते. ऑर्विलचे काय झाले ते तिघांनीही पाहिले आहे. त्यांतला लायल आसेन परवा दुकानात भेटला. अंड्यांच्या कपाटापाशी गर्दी होती: बर्निस होती, डेलची बायको होती, बुधवारच्या भांडी घासणाऱ्यांतल्या आणखी दोघी होत्या. लायलने मला पाहिले आणि सामानाची ढकलगाडी आडवी घातली.

"थोरा, एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "तुझी ती युक्ती माझ्यावर चालायची नाही. यंदा मला विचारलं की मी लगेच हो म्हणणार आहे. पहिल्या फटक्यात. मला ती खुर्ची हवी आहे आणि मी तसं सरळ सांगणार."

बर्निसने अंड्यांचे खोके उघडून आत पाहायला सुरुवात केली. डेलची बायको आपल्या बुटांकडे पाहू लागली. लायलच्या मागे उभ्या असलेल्या त्या दोघी एकमेकींकडे न बघता अर्धे पाऊल मागे सरकल्या.

"चांगलं आहे, लायल," मी म्हणाले. "फक्त असंच मोठ्याने सांग. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं."